एकमेकांची ओझी वाहायची हे मान्य, पण माझं कोण वाहणार?

सलाम. तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तू पिंपरीत राहतेस, नोकरी आयटीत, लहानपणापासून चर्चमध्ये वाढलेली. नरकाची भीती घालून शिकवलेला विश्वास तू केव्हाच मागे टाकलायस, पण येशू सोडलेला नाहीस, त्याच्या शिकवणीतून रोजचं जगणं कसं नीट होईल ते तू बघतेस. 'एकमेकांवर प्रीती करा' ऐकत मोठी झालीस आणि आता चौतिसाव्या वर्षी लक्षात येतंय की सासूबाईंच्या गोळ्या तू बघायच्या, चर्चच्या तरुण संघाचा चहा-नाश्ता तू करायचा, ऑफिसात दुसऱ्याने घातलेला घोळ तू निस्तरायचा, आणि मागच्या महिन्यात ताप आला तेव्हा वरणभाताचा कुकरही तूच लावलास. नवऱ्याकडे विषय काढलास तर तो म्हणाला, प्रीतीत हिशोब नसतो. म्हणून तू विचारतेस की परस्परता म्हणजे हिशोब का, अपेक्षा ठेवली तर विश्वासात कमी पडलो का, आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींशी परस्परता कशी असणार, त्या तर आपल्या पगारावर आहेत.

वयाने मोठी आहे म्हणून तू म्हणते, चालेल ना. अठ्ठावीस वर्षं पाळकीणबाई म्हणून, म्हणजे पाळकाची बायको म्हणून, नगर जिल्ह्यातल्या तीन मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, काढली, त्यातली बरीचशी महिला मंडळ, घरभेटी आणि लोकांची भांडणं मिटवण्यात गेली. जे सांगते ते त्यातूनच आलंय, आणि त्यात माझ्या चुकाच जास्त आहेत.

आधी नवऱ्याचं बघू. प्रीतीत हिशोब नसतो हे वाक्य खरं आहे, पण मी आजवर जितक्या वेळा ऐकलंय तितक्या वेळा ते ज्याच्याकडे बाकी निघते त्यानेच म्हटलंय. ज्याचं येणं आहे तो बिचारा असं म्हणत नाही, तो नुसता गप्प बसतो आणि एक दिवस फुटतो.

हिशोबाची एवढी लाज बाळगायचं कारण नाही. आपल्याकडे शेतात दोन पद्धती होत्या, अजूनही कुठे कुठे आहेत. एक सावड. तू दोन दिवस माझ्या शेतात आलीस, मी दोन दिवस तुझ्या शेतात येणार, तुझा एक बैल माझा एक बैल मिळून जोडी, आणि याचा चोख हिशोब असतो, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. दुसरी इर्जिक. एखाद्याचा घरचा माणूस गेला किंवा आजारपण आलं, पेरणी तशीच राहिली, की सगळे आपापली औतं घेऊन एका दिवशी त्याच्या रानात उतरतात आणि तो फक्त जेवण घालतो, परत कुणी काही मागत नाही. एकाच गावात तीच माणसं दोन्ही करायची आणि कुठल्या वेळी काय लागू हे सगळ्यांना कळायचं. तुझ्या घरात काय झालंय तर सगळे तुझ्याकडून कायमची इर्जिक घेतायत, आणि सावडीचं नाव काढलं की तू कोत्या मनाची ठरतेस.

पण एक गोष्ट लक्षात ठेव, आणि ही गोष्ट गावगाड्याचं कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत. सावडीत कोण होतं? ज्याच्याकडे बैल आणि जमीन तो. माझ्या आजोबांचं घर महारवाड्यात. त्यांना कुणी सावडीला बोलवत नव्हतं, त्यांना कामाला बोलवत होते, आणि काम झालं की पदरात काय पडेल ते पडेल. म्हणजे परस्परतेला आधीच एक कुंपण होतं, हा आपल्याला परत काही देऊ शकतो असं ज्याच्याबद्दल वाटतं तेवढाच आत. आजोबा ख्रिस्ती झाले त्यामागे अनेक कारणं असतील, पण घरात एकच सांगायचे, की मंडळीत पहिल्यांदा प्रीतिभोजनाला पंगतीत बसलो आणि वाढणारा म्हणाला, उद्या तुम्ही वाढायला या. जेवायला मिळालं याचं त्यांना अप्रूप नव्हतंच. वाढायला बोलावलं याचं होतं.

माझं सगळं उत्तर खरं तर याच गोष्टीभोवती फिरतं. परस्परता म्हणजे जास्त द्यायचं असं आपण धरून चालतो. मला इतक्या वर्षांत उलट दिसलं, की देणं सोपं असतं, आपल्याला समोरच्याची गरज आहे हे त्याच्या तोंडावर कबूल करणं अवघड असतं. आणि ज्याच्याकडून आपण कधीच काही घेत नाही त्याला आपण बरोबरीचा मानलेला नसतो, कितीही गोड बोललो तरी.

बायबलच्या नव्या करारात 'एकमेकांना', 'एकमेकांचे' यासाठी ग्रीकमध्ये एकच शब्द आहे, अल्लेलोन, तो शंभराच्या आसपास वेळा येतो. एकमेकांचं स्वागत करा, एकमेकांची वाट बघा, एकमेकांचं सोसा. उपदेशात मात्र त्यातलं 'एकमेकांना' गळून जातं आणि 'इतरांना' उरतं. इतरांची सेवा करा. 'इतर' म्हटलं की मी वर आणि ते खाली. त्या काळच्या मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित पौलसुद्धा एकदा यात अडकलेला दिसतो. रोमकरांच्या पत्रात सुरुवातीलाच तो म्हणतो की तुम्हाला काही आध्यात्मिक दान द्यावं म्हणून मला यायचंय, आणि लगेच पुढच्याच वाक्यात स्वतःला दुरुस्त करतो, म्हणजे असं की तुमच्या विश्वासाने मला आणि माझ्या विश्वासाने तुम्हाला धीर मिळावा. मला ती जागा फार आवडते, मोठा माणूस लिहिता लिहिता सावरतोय असं वाटतं.

आणि येशूचं म्हणशील तर लूकच्या आठव्या अध्यायात सरळ लिहिलंय की मरीया मग्दालीया, योहान्ना, सुसन्ना आणि इतर बायका आपल्या पैशातून त्याचा आणि शिष्यांचा खर्च चालवत होत्या. म्हणजे तीन वर्षांची सगळी फिरती दुसऱ्यांच्या घरच्या भाकरीवर. शोमरोनी बाईशी बोलताना त्याने पहिलं वाक्य काय टाकलं, तर मला प्यायला पाणी दे. उपदेश नंतर. तहान आधी, आणि तीही जिच्या हातचं पाणी यहुदी माणसाने घेऊ नये असं मानायचे तिच्याकडे.

आता पाय धुण्याची गोष्ट, येशूने शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले ती, कारण इथे मी स्वतः आपटलेय. त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, आमच्या एका मंडळीत पाळकसाहेब, म्हणजे माझे यजमानच, बारा जणांचे पाय धुवायचे. बारा जण कोण तर कमिटीचे मेंबर, घरून पाय घासूनपुसून, नवे मोजे घालून यायचे, धुण्यासारखं काही शिल्लकच नसायचं. मी एका वर्षी हट्ट धरला की हे नाटक पुरे, योहानाच्या तेराव्या अध्यायात 'तुम्हीही एकमेकांचे पाय धुवावे' असं आहे, तर सगळ्यांनी एकमेकांचे धुवायचे. घमेली आणली, टॉवेल आणले, भरपूर गोंधळ झाला. चर्चची झाडलोट करणारी एक बाई शेवटच्या बाकावर बसली होती, मी ठरवूनच तिच्याकडे गेले. तिने पाय साडीत ओढून घेतले, म्हणाली, नको बाई, भेगा आहेत. मी ऐकलं नाही. प्रेमाने म्हण, हट्टाने म्हण, पाय पुढे घेतला आणि धुतला, आणि ती रडायला लागली. मला वाटलं, आत्म्याने हलली. घरी येऊन यजमानांना सांगितलं पण तसंच.

दोन आठवड्यांनी ती घरी आली, भाजी निवडत बसली माझ्याबरोबर, आणि खाली बघतच बोलली, की बाई, तुम्ही माझे धुतले आणि उठून गेलात, तुमचे मला धुवू दिले असते तर मला इतकी लाज वाटली नसती.

मी सुन्न झाले. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी येशूचा रोल घेऊन बसले होते, आणि पेत्राचा रोल कुणी घ्यायला तयार नसतं. त्या गोष्टीत शिष्य पेत्र येशूला म्हणतो ना, तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. ते आपण नम्रता म्हणून वाचतो. नम्रता कसली, मला कुणाचं काही लागत नाही अशी ती ऐट आहे, आणि तुझ्यात आणि माझ्यात ती भरपूर आहे बरं का, कष्टाळू बायकांमध्ये असतेच. पुढच्या वर्षी मी बसले आणि तिने माझे पाय धुतले. धुता धुता मोठ्याने म्हणाली, बाई, तुमच्याबी टाचा फुटल्यात की, आमसुलाचं तेल लावा. सगळी मंडळी हसली. त्या दिवसानंतर आमची खरी ओळख झाली असं मी धरते.

हेच मोठ्या प्रमाणावर बघायचं असेल तर आमच्याच नगर जिल्ह्यातलं जामखेड आहे. डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, नगरकडच्याच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केलेले, आणि तिथे त्यांना दिसलं की बरं करून पाठवलेला माणूस तोच आजार घेऊन परत येतोय. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला आले. यांना काय वाटलं, लोकांना आरोग्य हवं असणार. लोक म्हणाले, पाणी आणि अन्न. डॉक्टरकी नंतर बघू. इथे दुसरा कुणी असता तर म्हणाला असता की यांना आपलं हित कळत नाही. हे दोघं ऐकत बसले. पुढे १९७२ चा दुष्काळ पडला, कूपनलिका घ्यायची वेळ आली, आणि तेव्हा दलित वस्तीत बोअर घेण्यावर यांचा भर होता, म्हणजे पाणी हवं असेल तर गावाने तिकडे जायचं. भाषण न देता एवढं करून दाखवणं याला डोकं लागतं.

पण मला त्याहून मोठं वाटतं ते दुसरंच. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्स गावात पाठवून बघितल्या, ते जमलं नाही. मग गावातल्याच बाया घ्यायच्या ठरल्या. अक्षरओळख नसलेल्या, कितीतरी दलित घरांतल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. गावाने निवडायच्या आणि जामखेडला येऊन शिकायचं, एकत्र जेवायचं, परत जाऊन गावाला सांगायचं. बाळंतपणं त्यांनी केली, कुपोषित पोरं त्यांनी वर काढली. बालमृत्यू खाली आले ते मुख्यतः या बायांमुळे आणि आरोळे दांपत्य हे स्वतः सांगायचं. गावातली कुठली सासू सुनेला काय खाऊ देत नाही, कुणाच्या घरात औषध दिलं तरी उकिरड्यावर जाणार, हे डॉक्टरांना कुठून कळणार होतं, ते बायांनी शिकवलं. त्यातल्याच एक मुक्ताबाई पोळ अमेरिकेत परिषदेत बोलल्या होत्या, डॉक्टर म्हणजे ही वरची झुंबरं, सुंदर आणि महाग, आम्ही म्हणजे साधा दिवा, पण दिव्याने दिवा लावता येतो, झुंबराने झुंबर लागत नाही, अशा अर्थाचं. १९७९ मध्ये आरोळ्यांना मॅगसेसे मिळालं. मी तरुणपणी जामखेडला जाऊन आले तेव्हा मला पुरस्कारांपेक्षा हे दिसलं की तिथल्या बाया डॉक्टरांसमोर खुर्चीवर बसून बोलत होत्या आणि त्यांना मध्येच तोडून चूक सांगत होत्या.

याची उलटी बाजूही आपल्याच घरात आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आलं. शाळा, दवाखाने, वसतिगृहं सगळं दिलं, आणि ते नसतं तर मी आज हे लिहीत नसते, त्यामुळे उपकार मान्य. पण शंभर वर्षं एकाच दिशेने वस्तू आली की काय होतं ते मी मिशन कंपाउंडमध्ये वाढताना बघितलंय. छप्पर गळलं, मिशन बघेल. पोराची फी, मिशन देईल. आणि मिशनच्या साहेब लोकांनी आमच्याकडून काय घेतलं? भाषा शिकले, हो, ती मोठी गोष्ट. पण अडचणीत असताना आमच्या दारात येऊन बसलेला साहेब आमच्या वडिलांनी कधी बघितला नाही. मिशन गेल्यावर मंडळ्यांमध्ये जी भांडणं लागली, जमिनीची, कमिटीची, त्याचं मूळ मला बरंचसं इथे दिसतं. घ्यायची सवय लागलेली, द्यायचा मान कधी मिळालेलाच नाही.

बरं, आता तुझं घर. गलतीकरांच्या सहाव्या अध्यायात दोन वाक्यं आहेत आणि आपल्याला एकच पाठ असतं. दुसऱ्या ओवीत एकमेकांची ओझी वाहा. पाचव्या ओवीत, प्रत्येकाने आपला भार स्वतः वाहायचा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं पौलाचा गोंधळ झालाय. पण ग्रीकमध्ये शब्द वेगळे आहेत, पहिला म्हणजे माणूस वाकेल असं जड ओझं, दुसरा म्हणजे ज्याचं त्याने न्यायचं गाठोडं. मराठी भाषांतरातही ओझं आणि भार असा फरक ठेवलाय, आपलंच लक्ष जात नाही. तर कागद घे आणि लिही, कुणाचं काय वाहतेस. सासूबाईंचं आजारपण हे ओझं, घराने मिळून वाहायचं. त्यांच्या गोळ्या महिन्याला आणून डब्यात भरणं हा तुझ्या नवऱ्याचा भार, आई त्याची आहे. ऑफिसातल्या सहकाऱ्याचं मूल दवाखान्यात, त्याचं काम केलंस, इर्जिक. त्याने दर शुक्रवारी लवकर पळायचं म्हणून केलंस तर तू त्याचं गाठोडं वाहतेस आणि त्याला लहान मुलासारखं वागवतेस, हे त्याच्यासाठीही बरं नाही.

नवरा वचन काढेल म्हणून सांगून ठेवते. 'स्त्रियांनो, अधीन असा' हे इफिसकरांच्या पाचव्या अध्यायातलं बाविसावं वचन आहे. अगदी जुन्या काही ग्रीक हस्तलिखितांत त्या वाक्यात क्रियापदच नाही, ते वरच्या एकविसाव्या वचनातून उचलावं लागतं, आणि एकविसावं वचन म्हणतं, एकमेकांच्या अधीन असा. पुढे पत्र आपल्या काळाच्या चालीनेच जातं, नवरा मस्तक वगैरे, ते मी गोड करून सांगणार नाही. पण सुरुवात कुठून झालीय ते तरी पूर्ण वाचावं.

एक मात्र ठासून सांगते. जिथे मारहाण आहे, धाक आहे, पैसा अडवलेला आहे, तिथे परस्परता हा शब्द काढायचाच नाही. खूप वर्षांपूर्वी एका सुनेला मी सांगून बसले, तू पण थोडं समजून घे, दोन्ही हातांनी टाळी वाजते. ती परत गेली. तिचा हात मोडून आली तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं. एकमेकांचं सोसा हे वचन ज्याला नाही म्हणायची मोकळीक आहे त्याच्यासाठी आहे. त्यानंतर माझ्याकडे असं कुणी आलं की मी आधी राहायची सोय बघते, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात त्यांच्याकडे नेते, महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर देते. प्रार्थना नंतर, आणि तीही तिने मागितली तर. तुझं प्रकरण तसं वाटत नाही, पण वाचणाऱ्यांत कुणी असेल.

आता मावशी. तू लिहिलंस, त्या आमच्या घरातल्यासारख्याच आहेत. हे वाक्य मला ऐकवत नाही, खरं सांगते. घरातल्यासारखी म्हणजे कप वेगळा, नाताळात जादा दोन दिवस बिनपगारी, आणि सुट्टी मागितली की तोंड एवढंसं. घरातल्यासारखं म्हणण्याआधी कामावरच्या माणसाला जे द्यायचं ते पूर्ण दे. आठवड्याची सुट्टी, आजारपणात पगार न कापणं, तू गावाला गेलीस तरी महिना भरून देणं, दर वर्षी तिने न मागता वाढ. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झालाय, नोंदणी झालीय का विचार, नसेल तर कागद करायला मदत कर. ही परस्परता नव्हे, हा नुसता न्याय आहे. पण न्यायाशिवाय परस्परतेचं बोलणं म्हणजे पगार बुडवून वर पाय धुवायला जाणं. पौल करिंथकरांना मदतीचं लिहितो तेव्हा समानता हाच शब्द वापरतो, आज तुमची भर त्यांच्या तुटीला, उद्या त्यांची भर तुमच्या तुटीला.

आणि उद्या त्यांची भर म्हणजे काय? आपल्याला वाटतं त्यांच्याकडे काय असणार. मला पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी कुणालाच सांगितलं नव्हतं, लोकांना कशाला त्रास. आमच्याकडे यायच्या त्या मावशी चौथ्या दिवशी काम सोडून माझ्या उशाशी बसल्या आणि मला झापलं. माझ्या पोरीच्या लग्नात तुम्ही राबलात, आन् आता मला परकी केलीत? मंडळीतल्या सतरा घरांत मी डबे पोचवले होते तोवर, आणि माझ्या घरी एक डबा येऊ दिला नव्हता. त्यांनी नाचणीची पेज आणली. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत ना, मी इतकी वर्षं सगळ्यांच्या वाट्या भरून परत करत होते पण माझी वाटी कुणाच्या दारात जाऊच देत नव्हते. हे समजायला पन्नाशी उलटली.

पण मावशींवर मैत्री लादू नकोस हेही आहेच. तिला तुझी सोबत नको असेल, तिला पाच घरं करून पोरगं शाळेतून यायच्या आत घरी पोचायचं असेल. तिला नाही म्हणता येतं का एवढं बघ. मी एक साधी खूण धरते, समोरच्या माणसाने शेवटचं 'नाही' कधी म्हटलं आणि मी ते कसं घेतलं. उचल मागितली तर कशाला हवी असं विचारू नकोस, तुला बँक विचारते तेव्हा कसं वाटतं.

अपेक्षा ठेवली तर विश्वास कमी का, हे राहिलं. नाही गं. अमेरिकेत काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेल्या मार्टिन ल्यूथर किंगने १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात सगळी माणसं परस्परतेच्या एकाच जाळ्यात अडकलेली आहेत असं म्हटलंय, आणि ते पत्र त्याने कुणाला लिहिलं, तर जरा थांबा, घाई करू नका म्हणणाऱ्या धर्मगुरूंना. म्हणजे ते अपेक्षेचंच पत्र होतं, खरमरीत. तुम्ही माझे भाऊ आहात म्हणूनच तुमच्याकडून मागतोय, असं. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा उरली नाही त्याच्याशी आपण नुसते सभ्यपणे वागतो, बस. सासूबाईंकडून तू काही मागतेस का? त्यांना काय येतं? बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या बाईला लसूण सोलता येतो, पोराचा अभ्यास घेता येतो, तुझ्यासाठी प्रार्थना करता येते. मागून बघ. कदाचित नाही म्हणतील, मग ते नाही ऐकून घे. पण मी बघितलंय की म्हाताऱ्या माणसांचं निम्मं आजारपण आपला कुणाला उपयोग नाही याचं असतं.

ऑफिसचं फार बोलत नाही, मला तिथलं कळत नाही. लेक म्हणते की ईमेलमध्ये लिहून ठेवायचं, कुणी काय केलं ते. सावड समज.

राहिला तरुण संघाचा चहा. इथून सुरुवात कर, घरातून करू नकोस, घर अवघड असतं. मीटिंगमध्ये उभी राहा आणि सांग की पुढचे दोन महिने मला जमणार नाही, कोण करतंय. कारण सांगू नकोस, कारण सांगितलं की लोक कारण सोडवायला बसतात. मग जी शांतता पसरेल ती सहन करायची, हात वर करायचा नाही, हे सगळ्यात कठीण आहे, मला तर पदर तोंडात धरावा लागला होता. आमच्याकडे जवळजवळ दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग एक पोरगा उठला, जो उपासनेला नेहमी शेवटच्या गीताला पोचायचा, म्हणाला, मी करतो. पुढच्या रविवारी त्याने केलेला चहा अगदी पाकासारखा गोड होता आणि आलं टाकायचं राहिलं होतं, मी दोन कप प्याले.